वारसा सर्वांचा, सहल मोजक्यांची

नाताळच्या सुटीपासून पोंगलपर्यंत तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासमोर बसगाड्यांची रांग लागलेली असते. ‘दक्षिण भारत दर्शना’ला निघालेली महाराष्ट्रातील कुटुंबे त्यांत असतात, सबरीमलाहून परतणारे भाविक असतात आणि समोरच्या काचेवर शाळेच्या नावाचे कापडी फलक लावलेल्या बसगाड्याही असतात. शिक्षकांच्या शिट्टीवर ओळीने आत जाणारी मुले पाहून कोणालाही बरे वाटेल. परंतु शिक्षणातील समान संधीचा विचार करणाऱ्याने त्या ओळीकडे पाहताना एक प्रश्न विचारला पाहिजे. या वर्गातील कोणती मुले आज या ओळीत नाहीत, आणि ती का नाहीत?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. शाळेची सहल ठरते तेव्हा प्रथम वर्गणीचा आकडा ठरतो. बस भरली पाहिजे म्हणून नावनोंदणीची मुदत दिली जाते आणि पालकांच्या संमतिपत्रासोबत पैसे आणायला सांगितले जाते. ज्यांच्या घरी ते देणे शक्य नसते, ती मुले बहुधा आईवडिलांना विचारीतही नाहीत. ‘मला बस लागते’, ‘आमच्याकडे त्या दिवशी लग्न आहे’ अशी कारणे ती स्वतःच तयार करतात. सहलीच्या दिवशी उरलेल्यांचे वर्ग एकत्र बसवले जातात किंवा त्यांना घरी राहण्याची मूक मुभा मिळते. कोणी कोणाला नाकारले, असे कागदावर कुठेच दिसत नाही.

पुढे परीक्षेत प्रश्न येतो : ‘मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ’ या विषयावर निबंध लिहा. ज्याने काही पाहिलेच नाही, तो मार्गदर्शकातील निबंध पाठ करून लिहितो. पाहून लिहिणे आणि पाठ करून लिहिणे यांतील अंतर तपासनिसाला कळते आणि ते गुणांत उतरते. म्हणजे जी गोष्ट शाळेने ऐच्छिक म्हणून विकली, तिचीच परीक्षा शाळा सर्वांकडून घेते. माझा मुद्दा एवढाच आहे की, शैक्षणिक सहल हा जर शिक्षणाचा भाग असेल, तर ती पुस्तक आणि माध्यान्ह भोजनाप्रमाणे प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे. आणि ती शिक्षणाचा भाग नसेल, तर तिला ‘शैक्षणिक’ हे विशेषण लावण्याचा अधिकार शाळेला नाही.

ती शिक्षणाचा भाग आहे, हे पटवण्यासाठी तंजावरइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ६० मीटर उंचीच्या त्याच्या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, ही आख्यायिका देशभर सांगितली जाते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे ज्ञान म्हणून मुलेही ती ऐकतात. मात्र सकाळी किंवा दुपार कलल्यावर प्रांगणात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही मुलाला सावली फरशीवर पसरलेली दिसते. सांगितलेली गोष्ट आणि डोळ्यांना दिसलेली गोष्ट यांत फरक असू शकतो, हा इतिहासाचा पहिला धडा आहे आणि तो येथे पाच मिनिटांत शिकता येतो.

दुसरा धडा भिंतींवर कोरलेला आहे. राजराजाच्या शिलालेखांत दानांची, गावांच्या धान्याची, दिव्यांसाठी दिलेल्या जनावरांची नोंद आहे. मंदिराच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आणि त्यांना नेमून दिलेली घरेही त्यांत आहेत. राज्य म्हणजे केवळ लढाया नव्हेत. राज्य म्हणजे हिशेब, वाटप आणि श्रम, हे या भिंती सांगतात. त्याच आवारात मराठी वाचकाला थांबवणारा आणखी एक लेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने त्यांच्या चिटणीसाने रचलेले भोसले वंशाचे चरित्र १८०३ मध्ये येथे मराठीत कोरले गेले. एका तमिळ सम्राटाच्या देवळात मराठी राजघराण्याचा इतिहास कसा आला, हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात त्या दगडासमोर उभे राहून उमटेल, त्याला ‘विविधतेत एकता’ हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

प्रवास आणि शिक्षण यांचे नाते तंजावरच्या मराठी राज्यकर्त्यांना ठाऊक होते. सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. त्यात भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी जगाचा भूगोल गाण्यांतून सांगते. ज्ञान देणारी व्यक्ती येथे पंडित नाही. पायी देश हिंडलेली बाई आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १८२० ते १८२२ या काळात राजे स्वतः मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा करून आले. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वांना माहीत आहे. आज तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहेत ती तंजावरची छत्रे. रामेश्वरच्या वाटेवर भोसले घराण्याने, विशेषतः त्यातील स्त्रियांच्या नावाने, ही छत्रे उभारली. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये मुक्तांबाळ हिच्या नावाने स्थापन केलेले छत्र त्यांपैकीच. कंपनी सरकारने ही छत्रे कायम ठेवावीत म्हणून १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून त्यांचे कार्य समजावून सांगितले होते. वाटसरूला, मग तो ब्राह्मण असो की अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा, अन्न मिळत असे. आजाऱ्यावर उपचार होत. अनाथ मुलांचा सांभाळ होई आणि छत्राला जोडलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना जेवण मिळे. प्रवाशाची सोय आणि विद्यार्थ्याची सोय एकाच छपराखाली, एकाच तिजोरीतून होत होती. आज या दोन गोष्टी दोन वेगळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांची गाठ क्वचितच पडते.

मात्र या इतिहासाचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. अन्न सर्वांना मिळत होते. विद्या सर्वांना मिळत नव्हती. छत्रांतील वेदाध्ययनाची दारे जन्मावर ठरलेली होती. पुढे तिरुवैयारू येथे छत्राच्या उत्पन्नातून संस्कृत महाविद्यालय निघाले आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालू झाली, तेव्हाही त्यांचा लाभ दीर्घकाळ ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता राहिला. १९२० च्या दशकात तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असलेल्या ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी ही स्थिती बदलली. दान शिक्षणासाठी दिलेले असेल, तर ते एका भाषेपुरते आणि एका समाजापुरते का, हा त्यांचा प्रश्न होता. तिरुवैयारूत तमिळचे अध्यापन सुरू झाले आणि वसतिगृहांत ब्राह्मणेतर मुलांना प्रवेश मिळाला. दान नवे नव्हते. नवा होता तो दान कोणासाठी आहे याचा सार्वजनिक निर्णय.

मंदिराचेही तसेच. जे शिल्प पाहायला आज देशभरातून मुले येतात, त्याच्या आत पाऊल ठेवण्याची मुभा १९३९ पर्यंत याच जिल्ह्यातील दलित मुलांना नव्हती. त्या वर्षी मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात दलितांचा प्रवेश झाला. त्यापाठोपाठ राजवाडा देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्त असलेल्या तंजावरच्या भोसले राजांनी बृहदीश्वरासह सुमारे ९० देवळे सर्वांसाठी खुली केली. गांधीजींनी त्यांचे जाहीर अभिनंदन केले. नऊशे एकोणतीस वर्षे उभ्या असलेल्या वास्तूच्या दाराचा प्रश्न एका निर्णयाने सुटला.

आज दार उघडे आहे. मंदिरात प्रवेशमूल्य नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांतही १५ वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. अडथळा दारावरून हलून बसस्थानकावर आला आहे, आणि म्हणूनच तो दिसत नाही. जातीचा अडथळा दारावर पाटी लावून उभा होता. पैशाचा अडथळा ‘ज्यांची इच्छा असेल त्यांनी नावे द्यावीत’ अशी सौम्य भाषा बोलतो. या दोहोंची मुले अनेकदा तीच असतात, हे वेगळे सांगायला नको.

वारसा आणि शाळा यांकडे आपण किती वेगळ्या नजरेने पाहतो, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. कुंभकोणमलगतच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बृहदीश्वर १९८७ पासून त्या यादीत होते. त्याच वर्षी १६ जुलैला, दारासुरमपासून काही किलोमीटरवर, कुंभकोणममधील एका शाळेला आग लागली आणि झावळ्यांच्या छपराखाली कोंडलेली ९४ मुले मृत्यू पावली. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाची निगा राखण्यासाठी आपल्याकडे कायदा, खाते आणि आंतरराष्ट्रीय मान्यता होती. त्याच गावच्या गरीब मुलांच्या वर्गाचे छप्पर मात्र कोणी तपासत नव्हते. वारसा जपायचा तो पुढच्या पिढीसाठी, असे म्हणताना ती पिढी कुठे बसून शिकते हे पाहायचे राहून जाते.

कायदा याबाबत काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ सांगते की, प्राथमिक शिक्षण घेण्यास व पूर्ण करण्यास अडसर ठरेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांशी पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ यांबाबत भेदभाव होऊ नये, असे केंद्राच्या नमुना नियमांत आहे. सहल हा अभ्यासेतर उपक्रम नसेल तर दुसरे काय आहे? तरीही व्यवहारात सहलीचा खर्च पालकांनी करायचा, असेच गृहीत धरले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ‘एक भारत श्रेष्ठ भारत’अंतर्गत देशातील १०० पर्यटनस्थळे निश्चित करून शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांना तेथे अभ्यासासाठी पाठवावे, असे म्हटले आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु ‘पाठवावे’ या क्रियापदाला खर्च करणारा कर्ता नसेल, तर ती शंभर स्थळे ज्यांना परवडतात त्यांचीच राहतील.

प्रशासनात अनेक वर्षे काढल्यावर मला याचे कारण फाइलच्या रचनेत दिसते. शाळेच्या सहलीची फाइल वरिष्ठांकडे येते ती परवानगीची म्हणून. तरतुदीची म्हणून ती येत नाही. अधिकारी तारीख, अंतर, वाहन आणि शिक्षकांची संख्या पाहतो. किती मुले मागे राहिली, हा रकानाच नमुन्यात नसतो. शासनाचा खर्च नसल्याने वित्त विभाग विचारीत नाही आणि वित्त विभाग विचारीत नाही म्हणून विषय धोरणात येत नाही.

सरकारी शाळांतील मुलांसाठी ज्या सहली शासन स्वतः काढते, त्या बहुतेक बक्षिसाच्या स्वरूपाच्या असतात. तमिळनाडूने स्पर्धांत चमकलेल्या सरकारी शाळांतील मुलांना परदेशी नेले. महाराष्ट्रात पुणे जिल्हा परिषदेने परीक्षेतून निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी इस्रो व नासाच्या भेटी योजल्या. खेड्यातील मुलगी विमानात बसते याचा आनंद खरा आहे आणि असे उपक्रम बंद करावेत असे मी म्हणणार नाही. पण बक्षीस त्यालाच मिळते ज्याची जिज्ञासा आधीच जागी झाली आहे. सहलीची खरी गरज असते ती ज्याची अजून व्हायची आहे त्याला.

हा केवळ भावनेचा युक्तिवाद नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये उघडलेल्या एका कला संग्रहालयाने शाळांच्या भेटींचा बस, जेवण आणि बदली शिक्षकाचा खर्च स्वतः उचलला. मागणी जास्त असल्याने शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या गेल्या. संशोधकांनी गेलेल्या आणि न गेलेल्या अशा १२३ शाळांतील सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांची तुलना केली. एका भेटीनेही निरीक्षणाची व चिकित्सक विचाराची क्षमता वाढलेली आढळली आणि ग्रामीण व गरीब भागांतील मुलांत हा लाभ अधिक ठळक होता. ज्या घरात पुस्तके, प्रवास आणि चर्चा आहेत, तेथे शाळेच्या सहलीने थोडीच भर पडते. जेथे त्या नाहीत, तेथे ती एकटीच असते.

इतर देशांनी यावर कायदेशीर तोडगेही काढले आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार सरकारी शाळांना शाळेच्या वेळेतील सहलीसाठी शुल्क आकारता येत नाही. ऐच्छिक देणगी मागता येते, पण पालकांनी ती दिली नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही. जपानमध्ये शालेय सहलीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. तिला अभ्यासक्रमात स्थान आहे आणि गरजू कुटुंबांना मिळणाऱ्या शालेय साहाय्यात सहलीचा खर्च धरलेला असतो. ‘परवडत नाही’ हे कारण तेथे शाळेच्या दारातच थांबवले जाते.

आपल्याकडे यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला पैशाचा : जेथे शिक्षकांची पदे रिक्त आहेत, तेथे सहली कसल्या? १९५६ मध्ये कामराज यांनी मद्रास राज्यात शाळेत जेवण देण्याची योजना वाढवली, तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा विस्तार केला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देशभरच्या सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांना बंधनकारक केले, आणि २०२२ पासून तमिळनाडूत सकाळची न्याहारीही मिळू लागली. भूक हा शिक्षणाचा अडथळा आहे, हे मान्य व्हायला एवढा काळ लागला. सहलीचा खर्च त्या मानाने अल्प आहे. एका मुलामागे वर्षाला ४०० रुपये धरले, तरी २०० मुलांच्या शाळेला ८० हजार लागतील. महाराष्ट्रात एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. उरलेली निम्मी रक्कम आणि जेवण एवढाच प्रश्न आहे. तमिळनाडूत विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यासाठी बसचा पास मोफत आहे. शाळेपर्यंतचा प्रवास ही शासनाची जबाबदारी असेल, तर शाळेने ठरवलेला वर्षातील एक प्रवास ती का नसावी?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवरील अटी कडक झाल्या आणि त्या असायलाच हव्यात. परंतु अटी वाढवून त्यांच्या पूर्ततेचा खर्च शाळेवर सोडला, की सहली बंद होतात त्या गरीब शाळांच्या. सधन शाळा पर्यटन कंपनी नेमून सगळी कागदपत्रे पूर्ण करतात. सुरक्षेची अट घालणाऱ्याने महिला सेविका, प्रथमोपचार, विमा आणि सुस्थितीतील वाहन यांचा खर्चही उचलला पाहिजे.

यातून पुढे यावे अशी व्यवस्था फार गुंतागुंतीची नाही. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एक दिवसाची सहल, आणि या चार वर्षांत एकदा मुक्कामाची सहल, हा हक्क मानावा. तिचा खर्च शाळेच्या अनुदानात विद्यार्थीसंख्येप्रमाणे द्यावा. २५ टक्के जागांवरील मुलांचा खर्च प्रतिपूर्तीच्या रकमेत धरावा. शाळेच्या दिवशी निघणारी सहल पूर्ण वर्गाची असेल किंवा निघणारच नाही, हा नियम सर्व शाळांना लावावा. चाकाच्या खुर्चीतील मूलही या ‘पूर्ण वर्गा’त मोजावे. कोण मागे राहिले याचा रकाना परवानगीच्या नमुन्यात आणावा. प्रथम जवळचे पाहावे : कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजुराच्या मुलाने आधी बृहदीश्वर, साताऱ्याच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने आधी अजिंक्यतारा. मुक्कामाच्या सहलीसाठी सुटीत रिकामी असलेली शासकीय वसतिगृहे वापरावीत. महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांनी अशी देवघेव करण्यास तंजावर हा स्वाभाविक दुवा आहे. कोल्हापूरच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी तंजावरचा मराठी शिलालेख वाचावा आणि तंजावरच्या सरकारी शाळेतील मुलांनी रायगड चढावा, यासाठी दोन शिक्षण सचिवांचा पत्रव्यवहार पुरेसा आहे.

भाषेवरून, निधीवरून आणि धोरणावरून केंद्र आणि राज्ये यांच्यात वाद होत राहतील. त्या वादांत ‘देशाची ओळख’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. देशाची ओळख घोषणेने होत नाही. देश पाहावा लागतो. १९३९ मध्ये तंजावरचे दार उघडायला विश्वस्ताचा एक निर्णय पुरला. त्या दारापर्यंत प्रत्येक मुलाला पोहोचवायला अर्थसंकल्पात एक ओळ लागेल. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यांचे अर्थसंकल्प मांडले जातील, तेव्हा ती ओळ शोधावी. सापडली नाही, तर आपल्या आमदाराला विचारावे.